तार तुटली तरी वाजणारी गिटार

"तार तुटली तरी वाजायची?" जाणकारांनी भिंग डोळ्यावरून खाली घेतलं.

"वाजायची," जावईबापू म्हणाले. "भर कार्यक्रमात जाड तार तुटली होती एकदा. म्हटलं, लोकांचा हिरमोड नको, म्हणून नुसता हात चालू ठेवला. आवाज तसाच. उलट जरा जास्तच गोल."

जाणकारांनी भिंग परत डोळ्याला लावलं आणि टेबलावर जुन्या टॉवेलवर आडव्या पडलेल्या बेस गिटारकडे पाहिलं. आपल्याला न कळलेल्या रोगाकडे डॉक्टर मंडळी बघतात तसं पाहिलं, म्हणजे फार आदरानं.

गिटार होतीच तशी. भोपळ्याला दोन शिंगं फुटावीत आणि त्यातलं एक लाजून आत वळावं, असा तिचा आकार. मान लांबलचक, डोकं पोपटाच्या चोचीसारखं खाली वाकलेलं. रंग धड तपकिरी नाही, धड जांभळा नाही. चार तारा, चार बटणं, आणि तारांच्या खाली डब्याच्या झाकणासारखं एक चकचकीत झाकण. डोक्यावर जिथं कंपनीचं नाव असतं तिथं काहीच नव्हतं. खोडलेलं नाही, घासलेलं नाही. नव्हतंच.

आणि घोडं तिथंच अडलं होतं. गावच्या नाट्यगृहाच्या व्हरांड्यात जुन्या ऑर्केस्ट्राची वाद्यं काचपेटीत ठेवायचं ठरलं होतं. ऑर्केस्ट्रा बंद पडून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे आता सगळ्यांनाच तो फार चांगला होता असं आठवायला लागलं होतं. प्रत्येक वाद्याखाली पाटी लागणार होती. वर वाद्याचं नाव, कंपनी, मॉडेल. खाली वाजवणाऱ्याचं नाव. व्यवस्थापक नियमाचा पक्का माणूस. वरची ओळ रिकामी असेल तर खालची ओळ लिहिता येणार नाही, म्हणाला. गादीकारखान्याची व्हॅन चालवण्यात उभा जन्म गेलेल्या जावईबापूंना आयुष्यात दुसरी कुठली पाटी लागण्याची शक्यता नव्हती. म्हणून ते गिटार चादरीत गुंडाळून जाणकारांकडे आले होते.

जाणकार हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. भिंतीवर सहा गिटारी टांगलेल्या, एकही वाजवत नसत. वाजवलं की वस्तूचं मोल उतरतं, असं त्यांचं मत. लोकांच्या वाद्यांची ओळख पटवून देणं हा त्यांचा छंद आणि ती ओळख बहुतेक वेळा "नक्कल आहे" या दोन शब्दांत संपायची. त्यांच्या घरातून हसत बाहेर पडलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता.

आज मात्र त्यांच्या कपाळावर घाम होता.

"आणखी काही वेगळं जाणवायचं का?"

जावईबापू जरा घुटमळले. ही गोष्ट त्यांनी फारशी कुणाला सांगितली नव्हती. "ही गिटार चूक पोटात घालते," ते म्हणाले. "म्हणजे असं की, माझं बोट कधी चुकीच्या जागी पडायचं. कधी म्हणजे, पडायचंच. पण आवाज बरोबर यायचा. सुरुवातीला मला वाटलं आपला हात बसला. मग लक्षात आलं, हात तेवढा बसलेला नाही. गुण वाद्याचा आहे."

जाणकार खुर्चीत बसले. त्यांनी एक गोष्ट ऐकली होती. थंड मुलुखात म्हणे एक कारखाना होता, मूळचा रेडिओ आणि शीतकपाटं बनवणारा. त्यांनी मधेच कधीतरी चार-दोन बेस गिटारी बनवल्या आणि कारखाना बुडाला. त्या गिटारी कुणी पाहिल्या नाहीत, पण नव्हत्या असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. जाणकारांच्या शास्त्रात एवढा पुरावा भरपूर होता.

"आतून बघावी लागेल," ते म्हणाले.

जावईबापूंना सकाळचं बायकोचं बोलणं आठवलं. चादरीला गाठ मारताना ती दारात उभी राहून म्हणाली होती, उघडू देऊ नका हो कुणाला, चाललंय ते चालू दे. बायका वाद्याच्या बाबतीत भित्र्या असतात, असं स्वतःशी ठरवून ते बाहेर पडले होते.

"उघडा," ते म्हणाले.

तीन स्क्रू निघाले. चौथा निघेना. जाणकारांनी तेल सोडलं, फुंकर घातली, सोसायटीतल्या थकबाकीदाराला बोलावं तसं त्याच्याशी दोन शब्द बोलून पाहिले आणि शेवटी पेचकस आडवा लावून दाबला. झाकण उडालं. वर गेलं, पंख्याला लागलं आणि जाणकारांच्या चहात पडलं. चहा जावईबापूंच्या शर्टावर आला, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

झाकणाखाली कापूस होता.

मूठभर, दाबून बसवलेला कापूस. जाणकारांनी चिमट्यानं त्याचा एक धागा उचलला आणि उजेडात धरला. हेच ते. आवाज गोल करण्यासाठी आत मऊ अस्तर. असा विचार त्या कारखान्याशिवाय कोण करणार? तारेची थरथर पकडणारं चुंबकाचं पिकअप खाली असेल म्हणून त्यांनी कापूस बाजूला केला. खाली लाकूड होतं. साधा खड्डा, तळाशी कानशीचे ओरखडे. त्यांनी मागची पट्टी काढली. चारही बटणं नुसती बसवलेली, त्यांना एकही वायर नाही. वायर लावायच्या भोकाला आतून काही जोडलेलंच नव्हतं. शोभेपुरतं ते भोक होतं.

"कुणी काढून घेतलं असेल?" जावईबापूंनी विचारलं.

"काढलं असतं तर खूण राहिली असती. इथं कथिलाचा ठिपकासुद्धा नाही. कधी जोडलेलंच नव्हतं." जाणकार उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळला होता. "तुम्हाला कळतंय का? ही दाखवायची प्रत आहे. दुकानाच्या खिडकीत ठेवायला बनवलेली, आतून कोरी. अशी प्रत जगात दुसरी नसणार. आणि एकदाही न वाजवलेली."

"मी वाजवलीय," जावईबापू म्हणाले.

"शक्यच नाही," जाणकार प्रेमानं म्हणाले.

जावईबापू कापसाकडे बघत होते. पांढऱ्या कापसात निळे बारीक ठिपके होते. त्यांच्या गादीकारखान्याचा मालक चिक्कू माणूस. गणवेश शिवणाऱ्या शेजारच्या कारखान्यातली निळी कातरण पिंजून तो कापसात मिसळायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, हा औषधी कापूस आहे. असा कापूस दुसरीकडे कुठं मिळत नव्हता. जावईबापूंनी तो आयुष्यभर वाहिला होता, शिंकला होता, जेवताना ताटातून काढला होता. गिटारीची ओळख जाणकारांना पटली असेल नसेल, कापसाची जावईबापूंना लगेच पटली.

त्यांनी गिटार चादरीत बांधली. जाणकार फोनवर व्यवस्थापकाला सांगत होते की मधली, सगळ्यात मोठी काचपेटी मोकळी ठेवा.

ते तिथून थेट मास्तरांकडे गेले. तिथं तालीम चालू होती. मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे सर्वेसर्वा आणि जावईबापूंच्या बायकोचे थोरले भाऊ. त्यांच्या घरचे जावई म्हणून अख्खा ऑर्केस्ट्रा यांना जावईबापू म्हणायला लागला, पुढं गाव म्हणायला लागलं आणि आता तर बँकेतला कारकूनही म्हणायचा. ऑर्केस्ट्राकडे तेव्हा कला भरपूर होती, गाडी नव्हती. जावईबापूंकडे व्हॅन होती आणि व्हॅनमध्ये गाद्या होत्या. दोन गाद्यांच्या मध्ये वाद्यं झोपवून न्यायची ही त्यांचीच युक्ती. दुसऱ्या पार्ट्यांचे ढोल फुटत, स्पीकर फाटत. यांच्या तबल्याच्या शाईला तडा गेला असं कधी झालं नाही. गादीची गिऱ्हाइकं मात्र कधीकधी तक्रार करत की नव्या गादीवर हार्मोनियमच्या पायाचे खळगे आहेत.

काचपेट्यांच्या उद्‌घाटनाला जुन्या मंडळींनी एक गाणं वाजवायचं होतं. खोलीत मास्तर होते आणि कीबोर्डवाला होता. त्याला सगळे दहाबोट्या म्हणत, कारण तो कीबोर्डवर एकही बोट फुकट बसू देत नसे.

जावईबापूंनी चादर सोडली. झाकण उघडंच होतं. मास्तरांनी पाणी मागवलं, स्वतःच प्यायले आणि मग बोलायला लागले. मास्तरांना गप्प बसून गुन्हा कबूल करता येत नसे. ते नेहमी पाल्हाळ लावून कबूल करत.

त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा. अगदी सुरुवातीला, उसनी आणलेली खरी बेस गिटार जावईबापूंनी आठवडाभर वाजवली होती. आठवड्याच्या शेवटी गायिका रडत म्हणाली, एकतर हा माणूस राहील नाहीतर मी. गायिका सोडता येत नव्हती. व्हॅन तर मुळीच सोडता येत नव्हती. मग एका सुताराकडून पलंगाच्या उशाकडच्या फळीतून ही गिटार कापून घेतली, आणि ती खास परदेशातून मागवलीय असं सांगितलं. बेसचे खालचे जाड सूर दहाबोट्या डाव्या हातानं कीबोर्डवर वाजवायचा. ते जावईबापूंच्या पाठीमागच्या स्पीकरच्या बॉक्समधून यायचे.

"पण मी बटण फिरवलं की आवाज वाढायचा," जावईबापू म्हणाले.

"मी वाढवायचो," दहाबोट्या म्हणाला. त्याच्या आवाजात लाज कमी आणि कारागिराचा अभिमान जास्त होता. "माझा एक डोळा कायम तुमच्या बटणावर. तुम्ही मान हलवलीत की मी जरा ठसका द्यायचो. तार तुटली त्या दिवशी माझी कसली तारांबळ. थांबवू की चालू ठेवू? मग बघितलं, तुम्ही हात थांबवलाच नाहीत. म्हटलं, चला."

"अहो जावईबापू," मास्तर म्हणाले, "बेस कधी कुणाला ऐकू येतो का?"

"मग लपवलंत कशाला?"

"तुम्हाला ऐकू येत होता ना. तेवढ्यासाठीच तर सगळं."

जावईबापूंनी चिमटीत कापूस धरला आणि विचारलं, हा कुणी भरला. मास्तरांनी दहाबोट्याकडे पाहिलं. दहाबोट्यानं आपल्या दहाही बोटांकडे पाहिलं.

"घरी विचारा," मास्तर शेवटी म्हणाले. "तीच आली होती माझ्याकडे. तालमीच्या वेळी बाहेर गाडीत बसून स्टेअरिंगवर ठेका धरतात, दादा, बघवत नाही, म्हणाली."

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांच्या शर्टावर चहा बघून तिनं हात पुढं केला, मग खांद्यावरच्या उघड्या गिटारीकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

"झाकण खडखडत होतं," ती म्हणाली. त्यांनी अजून काही विचारलेलंही नव्हतं. "दादा म्हणाला, खडखडीनं तुम्हाला कळेल. गाडीत ती उसवलेली गादी होती."

जावईबापू पलंगाच्या कडेला बसले. ज्या माणसाच्या वाद्याच्या पोटात आपल्याच गाडीतल्या गादीचा कापूस असतो, आणि तो आपल्याच बायकोनं भरलेला असतो, त्यानं नेमकं कुणावर ओरडायचं, हे त्यांना ठरवता येईना. मास्तरांवर ओरडून झालं नव्हतं. दहाबोट्यावर तर रागही धड येत नव्हता. त्यानं बिचाऱ्यानं दोन माणसांचं काम केलं होतं. राग फिरून फिरून घड्या घालणाऱ्या हातांपाशी येऊन थांबत होता.

"दर वेळी घरी आल्यावर तू म्हणायचीस, छान झालं."

"छानच व्हायचं. गाणं छान व्हायचं."

"मी विचारायचो बेस कसा झाला."

"तोही छानच व्हायचा," ती हळूच म्हणाली. मग घडी मोडून परत घातली. "सांगणार होते हो. एकदा अगदी ठरवलं होतं. त्या रात्री तुम्ही तार तुटली म्हणून सांगत आलात. दारातूनच. बूटसुद्धा न काढता. मी म्हटलं, आता कसं सांगू."

"लोकांना माहीत होतं?"

तिनं पुढचा कपडा घडीला घेतला. म्हणजे माहीत होतं. जावईबापूंना एकेक चेहरा आठवायला लागला. कार्यक्रम संपल्यावर पाठ थोपटणारा तबलेवाला. "आज तुम्हीच सांभाळलंत" म्हणणारी गायिका. त्यांना वाटायचं, पहिल्या आठवड्यात आपला हात कच्चा होता म्हणून ती रुसली होती, पुढं निवळली. सगळे कसे गोड बोलायचे त्यांच्याशी. भाड्यानं आणलेल्या गाडीच्या ड्रायव्हरशी कुणी इतकं गोड बोलत नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाचा फोन आला. तो आनंदानं बोबडा झाला होता. मधली काचपेटी, आत दिवा, पाटी बाकीच्यांच्या दुप्पट. त्यानं मजकूर वाचून दाखवला. "अज्ञात परदेशी कारखान्यातील दुर्मीळ नमुना. जगातील एकमेव प्रत. कधीही न वाजवलेली."

"आणि खाली नाव?" जावईबापूंनी विचारलं.

खाली नाव कसं येणार, व्यवस्थापक म्हणाला. न वाजवलेल्या वाद्याला वाजवणारा कसा असेल? जाणकारसाहेबांनी त्यावर खास जोर दिलाय. ते वर असंही म्हणाले की तुम्ही तुमच्या आठवणी कृपा करून कुणाला सांगू नका, त्यानं मोल उतरतं.

जावईबापूंनी फोन ठेवला. इतकी वर्षं त्यांना वाजवू न देता वाजवतोय असं भासवलं, तेही एकवेळ पचवता आलं असतं. आता ते त्या गिटारीजवळ कधी उभेच राहिले नव्हते, असं दुप्पट आकाराच्या पाटीवर लिहिलं जाणार होतं, आणि गंमत म्हणजे त्या पाटीवरची शेवटची ओळ तेवढी खरी होती.

बाजारातल्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस होता. जावईबापूंनी गिटार त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, हिला आवाज बसवून द्या. त्यानं कुठली, कधीची, काही विचारलं नाही. एका मोडक्या गिटारीतलं पिकअप काढलं, खड्डा थोडा कोरला, वायरी जोडल्या. कापूस काढून पिशवीत टाकू लागला तेव्हा म्हणाला, हा परत भरू का, खडखड थांबेल. जावईबापू नको म्हणाले. खडखडू दे.

जाणकारांना ही बातमी कळली तेव्हा ते रस्त्यातच उभे राहून म्हणाले, तुम्ही इतिहासात भोक पाडलंत. त्यांना खरंच रडू आलं होतं. जावईबापूंनी त्यांना रिक्षात बसवून दिलं.

उद्‌घाटनाच्या संध्याकाळी मधल्या काचपेटीत व्यवस्थापकानं एक कुंडी ठेवली होती, आत दिवा तसाच लावून. बाकीच्या पेट्यांपुढं वाद्यांचे मालक उभं राहून फोटो काढून घेत होते. जावईबापू रंगमंचावर मागच्या बाजूला, नेहमीच्या जागी. त्यांनी वायर स्वतःच्या हातानं थेट मागच्या बॉक्सला लावली.

मास्तरांनी ते पाहिलं. जवळ येऊन हळूच म्हणाले, "जावईबापू, बॉक्सची वायर दहाबोट्याकडे द्या. आजचा दिवस."

"राहू द्या दादा."

"अहो, सगळं गाव आलंय."

"म्हणूनच," जावईबापू म्हणाले.

दहाबोट्यानं दोघांकडे पाहिलं. मग डावा हात कीबोर्डवरून उचलला. तो कुठं ठेवायचा त्याला कळेना. थोडा वेळ हवेत राहिला आणि मग त्यानं तो मांडीवर ठेवला.

गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीत सगळं बरं गेलं. दुसऱ्या ओळीत जिथं सूर खाली उतरतात तिथं जावईबापूंचं बोट जिथं नेहमी पडायचं तिथंच पडलं, आणि सभागृहात घुम्म करून काहीतरी भलतंच वाजलं. पडदा थरथरला. गायिका एक शब्द विसरली. मास्तरांनी मान वळवून मागं पाहिलं. इतक्या कार्यक्रमांत त्यांनी मागं वळून पाहण्याची ही पहिलीच वेळ होती. जावईबापूंनीही तो सूर ऐकला. पोटात ऐकला, पायाखालच्या फळीत ऐकला. वाईट होता. पण कुठून आला याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

बायको तिसऱ्या रांगेत बसली होती, मान खाली. पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी कानातलं ऐकू येण्याचं यंत्र काढलं, तळहातावर आपटलं, फुंकर मारली, परत घातलं आणि संशयानं रंगमंचाकडे बघायला लागले.

गाणं फिरून त्याच ओळीवर आलं. जावईबापूंना कळत होतं की आता ती जागा येणार. बोट वळवायला थोडा अवधीही होता. त्यांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि बोट होतं तिथंच दाबलं, या वेळी जरा जोरात. म्हाताऱ्यांचा हात कानापर्यंत गेला आणि तिथूनच परत आला. मग दोष यंत्रात नाही हे पटल्यासारखे ते खुर्चीत मागं टेकून नीट बसले.